शुगर-बीपी ‘श्रीमंतांचा आजार’ राहिला नाही. मग मोजणीत आपली वस्ती कुठे आहे?

भारतातल्या प्रौढांपैकी सुमारे ३० टक्के लोकांना मेटाबॉलिक सिंड्रोम आहे. देशभरात झालेले १११ अभ्यास आणि त्यांतली जवळपास १ लाख ३४ हजार माणसे एकत्र धरून २०२० मध्ये हा आकडा काढण्यात आला. शहरात ३२ टक्के, खेड्यात २२ टक्के. पुरुषांत २६ टक्के, स्त्रियांत ३५ टक्के. वयाच्या १८ ते २९ या गटातही तो १३ टक्के आहे आणि पन्नाशीत पोहोचेपर्यंत निम्म्या लोकांना गाठतो.

जयंती उत्सव समितीत वर्गणीसाठी धावणाऱ्या वीस तरुणांपैकी दोन-तीन जण या हिशेबात बसतात, आणि त्यांच्या आईवडिलांपैकी निम्मे. तरीही आपल्या बैठकांत, शिबिरांत, निवेदनांत हा विषय येत नाही. शिष्यवृत्ती येते, आरक्षण येते, अत्याचाराची प्रकरणे येतात, आणि ती यायलाच हवीत. पण पंचेचाळिशीत लकवा मारलेला कार्यकर्ता आणि पन्नाशीत डायलिसिसला लागलेली आशाताई किंवा अंगणवाडी सेविका यांच्याकडे आपण ‘नशीब’ म्हणून पाहतो. बुद्धाच्या अनुयायांनी तरी कारण शोधायला हवे.

मेटाबॉलिक सिंड्रोम हा एक आजार नाही. शरीर अन्नाचे जे करते, म्हणजे चयापचय, ते बिघडल्याच्या पाच खुणा आहेत. पाचपैकी तीन सापडल्या की डॉक्टर हे नाव देतात. कंबरेचा घेर भारतीय पुरुषात ९० सेंटिमीटर किंवा जास्त, स्त्रीत ८० किंवा जास्त. रक्तदाब १३०/८५ किंवा वर. उपाशीपोटी साखर १०० किंवा वर. रक्तातली ट्रायग्लिसराइड नावाची चरबी १५० किंवा वर. आणि चांगले म्हटले जाणारे एचडीएल कोलेस्टेरॉल पुरुषात ४० पेक्षा, स्त्रीत ५० पेक्षा कमी. यातली कोणतीही खूण दुखत नाही. माणूस कामावर जातो, मोर्चात चालतो, ढोल वाजवतो. पण अशा माणसाला पुढे मधुमेह होण्याची शक्यता सुमारे पाचपट आणि हृदयविकाराची दुप्पट असते. जेराल्ड रिव्हन या अमेरिकन डॉक्टरांनी १९८८ मध्ये या खुणा एकत्र का येतात हे मांडले, तेव्हा त्यांनी त्याला ‘सिंड्रोम एक्स’ म्हटले होते. मुळाशी बहुतेक वेळा एकच गोष्ट असते : शरीर इन्सुलिनला दाद देईनासे होते.

सुट्या खुणांचे देशपातळीवरचे आकडे आयसीएमआर-इंडियाब या पाहणीने दिले. २००८ ते २०२० या काळात ३१ राज्ये आणि केंद्रशासित प्रदेशांत घरोघर जाऊन १ लाख १३ हजार प्रौढांची तपासणी झाली. निष्कर्ष जून २०२३ मध्ये आले. मधुमेह ११.४ टक्के, म्हणजे १० कोटींहून जास्त माणसे. मधुमेहाच्या उंबरठ्यावर आणखी १५.३ टक्के. उच्च रक्तदाब ३५.५ टक्के. पोटाचा लठ्ठपणा ३९.५ टक्के. आणि रक्तातल्या चरबीत काही ना काही बिघाड तब्बल ८१.२ टक्के लोकांत. मधुमेहात पहिला क्रमांक शेजारच्या गोव्याचा, २६.४ टक्के. उत्तर प्रदेश सर्वांत खाली, ४.८ टक्के.

या यादीवरून सरळ निष्कर्ष निघतो की पैसा आला, गाडी आली, पोट सुटले. वर्तमानपत्रांनीही तोच काढला. पण याच पाहणीचा २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला १५ राज्यांचा टप्पा वाचला तर चित्र उलटे होते. खेड्यांत अजून सधन घरांत मधुमेह जास्त आहे, हे खरे. मात्र तुलनेने श्रीमंत राज्यांच्या शहरी भागांत तो गरीब थरात जास्त आढळला. ती ठिकाणे होती चंडीगड, तमिळनाडू आणि महाराष्ट्र. म्हणजे मुंबई, पुणे, नागपूर, औरंगाबादच्या सोसायट्यांपेक्षा चाळींत आणि झोपडपट्ट्यांत शुगरचे प्रमाण जास्त असण्याची दिशा आठ-नऊ वर्षांपूर्वीच दिसली होती. त्याच टप्प्यात आढळलेल्या मधुमेहींपैकी जवळपास निम्म्यांना, ४७ टक्क्यांना, आपल्याला मधुमेह आहे हे तपासणी होईपर्यंत माहीत नव्हते.

माझ्या मते या संपूर्ण संशोधनातली आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाची ओळ हीच आहे. महाराष्ट्रातला बौद्ध समाज मोठ्या प्रमाणात शहरी आहे. गिरण्या, रेल्वे, गोदी, महापालिकेची सफाई खाती, पुढे कंत्राटी कामे, या वाटेने तो शहरात आला आणि शहराच्या ज्या भागात राहिला तो भाग कोणता हे सांगायला नको. श्रीमंतांच्या आजाराची गोष्ट म्हणून आपण जी बातमी सोडून देत होतो, ती आपल्याच गल्लीची होती.

असे का व्हावे? सधन माणसाला पोट सुटल्याचे कळते, तो सकाळी चालायला जातो, वर्षातून एकदा पॅकेजची तपासणी करून घेतो, तांदूळ कमी करून पनीर, अंडी, कोशिंबीर वाढवतो. गरीब घराकडे पोट भरण्याचा स्वस्त मार्ग एकच असतो. २०२५ मध्ये इंडियाबच्याच आहारविषयक अभ्यासाने सांगितले की भारतीयांच्या ऊर्जेपैकी ६२ टक्के कर्बोदकांतून येते आणि प्रथिनांतून केवळ १२ टक्के. कर्बोदके म्हणजे बव्हंशी पांढरा तांदूळ, दळलेले गहू आणि साखर. रेशनवर माणशी महिना ५ किलो धान्य मिळते, जानेवारी २०२३ पासून मोफत मिळते, आणि ते म्हणजे तांदूळ आणि गहू. भुकेच्या दृष्टीने या ५ किलोचे मोल कमी लेखायचे कारण नाही. ज्यांनी १९७२ चा दुष्काळ पाहिला त्यांना विचारावे. पण डाळ त्यात नाही, तेलबिया नाहीत, अंडे नाही. पोट भरते, शरीराला हवे ते मिळत नाही.

‘आनंदाचा शिधा’ आठवा. २०२३ मध्ये गुढीपाडवा आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंतीनिमित्त राज्य सरकारने शंभर रुपयांत जो संच दिला त्यात एक किलो रवा, एक किलो साखर, एक किलो चणाडाळ आणि एक लिटर पामतेल होते. चणाडाळ सोडली तर बाकी तिन्ही वस्तू कंबरेचा घेर वाढवणाऱ्या. बाबासाहेबांच्या नावाने गरिबाच्या घरी साखर आणि पामतेल पोहोचवणाऱ्या सरकारला कोणी आहारतज्ज्ञाने अडवले नाही, आणि आपणही पिशवीवरच्या फोटोंवरच चर्चा केली.

आपल्याकडे यावर लगेच उत्तर येते की जुन्या ज्वारी-बाजरीकडे परत चला. भाकरी चांगलीच, पण त्याच २०२५ च्या अभ्यासाने एक थंड पाणी ओतले आहे. तांदळाऐवजी नुसते गव्हाचे किंवा भरडधान्याचे पीठ घेतल्याने धोका कमी झालेला दिसत नाही. एकूण कर्बोदके थोडी कमी करून त्या जागी डाळी, कडधान्ये, दूध, अंडी किंवा मासे आले तर फरक दिसतो. म्हणजे तीन भाकऱ्या आणि मिरचीचा ठेचा हे उत्तर नाही. दोन भाकऱ्या आणि वाटीभर घट्ट मटकी हे उत्तर आहे. ते महाग आहे, हीच तर अडचण.

प्रथिनांच्या प्रश्नाला आपल्या बाबतीत एक राजकीय बाजूही आहे. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या स्वयंपाकाची नोंद शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’मध्ये करून ठेवली आहे, ती वाचताना लक्षात येते की ज्यांना उरलेसुरलेच मिळत होते, त्यांनी त्यातून प्रथिने कशी मिळवली होती. मेलेल्या जनावराचे मांस सोडण्याचा निर्णय आपला होता, तो स्वाभिमानाचा होता आणि योग्य होता. पण मार्च २०१५ मध्ये बैल आणि वळूंच्या कत्तलीवर आलेली बंदी हा आपला निर्णय नव्हता. शहरी गरिबांच्या ताटातले सर्वांत स्वस्त मांस त्या कायद्याने काढून घेतले. जानेवारी २०२५ मध्ये शालेय पोषण आहारातल्या अंड्यांचा निधी राज्य सरकारने थांबवला आणि हवे तर लोकसहभागातून द्या म्हणून सांगितले. मांस खावे की नाही यावर आपल्या समाजातही दोन मते आहेत, आणि रोज तळलेले मटण खाल्ल्यानेही रक्तातली चरबी वाढतेच. मुद्दा वेगळा आहे. स्वस्त प्रथिनांचे पर्याय एकेक करून बंद करायचे, त्या जागी डाळ द्यायची नाही, आणि नंतर गरिबांना जीवनशैली सुधारायचा सल्ला द्यायचा, ही लबाडी आहे.

आता अशा माणसाकडे येऊ जो सडपातळ आहे आणि म्हणून निर्धास्त आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा एक फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक, बीएमआय, सारखाच : २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. भारतीय माणूस दिसायला बारीक आणि आतून चरबीचा असू शकतो, हे त्या एका फोटोने जगाला दाखवले. त्याच्या मागे १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत सुरू झालेला केईएम रुग्णालयाचा अभ्यास होता. तिथल्या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपल्या बाळांचे स्नायू कमी, पोटाचे अवयव लहान, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. आईच्या पोटात अन्न कमी पडले की बाळाचे शरीर टंचाईसाठी तयार होते. पुढे त्याच शरीराला साखर, मैदा आणि बैठे काम मिळाले की गणित बिघडते. त्याच खेड्यांत दोन तृतीयांश मातांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होते. ज्या मातांमध्ये बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याची लक्षणे अधिक दिसली.

हे आपल्या भाषेत मांडायचे तर उपाशी राहिलेल्या आजीची भूक नातवाच्या रक्तात साखर होऊन येऊ शकते. ती खेडी बौद्ध वस्त्यांची म्हणून निवडलेली नव्हती, त्यामुळे तिथले आकडे जसेच्या तसे आपल्याला लावता येणार नाहीत. पण गावकुसाबाहेर पिढ्यान्‌पिढ्या कमी खाऊन जगलेल्या समाजात हा धोका कमी असेल असे मानायला काही आधार नाही. दुष्काळाच्या काळात, १९७२-७३ मध्ये, जन्मलेली माणसे आज पन्नाशी ओलांडून गेली आहेत. त्यांचा वेगळा अभ्यास करण्याची वेळ निघून चालली आहे.

स्त्रियांचा आकडा पुरुषांपेक्षा जास्त का, यावर थोडे थांबले पाहिजे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५६.७ टक्के स्त्रियांचे कंबर-नितंब गुणोत्तर धोक्याच्या पातळीवर होते. त्याच वेळी १८.७ टक्के स्त्रिया कमी वजनाच्या होत्या. एकाच देशात, पुष्कळदा एकाच घरात, दोन्ही. धुणी-भांडी करणाऱ्या बाईला आपण ‘तिला व्यायामाची काय गरज’ म्हणतो. ती चार घरांत चार वेळा साखरेचा चहा पिते, कारण कामावर मिळते ते तेच. घरी सर्वांत शेवटी जेवते, तेव्हा भाजी संपलेली असते आणि भात उरलेला असतो. झोप पाच तास. हे श्रम आहेत, व्यायाम नव्हे, आणि शरीर हा फरक ओळखते.

मोजणीचा प्रश्न आता. इंडियाबचे मुख्य निष्कर्ष राज्य, शहर-खेडे, स्त्री-पुरुष असे मांडले आहेत. जात किंवा धर्मानुसार तक्ता त्यात नाही. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात अनुसूचित जाती हा गट आहे, ‘बौद्ध/नवबौद्ध’ अशी स्वतंत्र ओळही असते. पण तिथे साखर, रक्तदाब आणि कंबर मोजतात. ट्रायग्लिसराइड आणि एचडीएल मोजत नाहीत. म्हणजे जिथे पाचही खुणा दिसू शकतात तिथे आपण दिसत नाही, आणि जिथे आपण दिसतो तिथे खुणा अपुऱ्या. २०११ च्या जनगणनेत देशात ८४ लाख बौद्ध होते, त्यातले ६५ लाख एकट्या महाराष्ट्रात. इतक्या मोठ्या लोकसंख्येत मेटाबॉलिक सिंड्रोम किती, याचा आकडा या दोन्ही मोठ्या पाहण्यांतून निघत नाही. ३० एप्रिल २०२५ रोजी केंद्र सरकारने येत्या जनगणनेत जातनिहाय मोजणी करायचे ठरवले. त्या मोजणीत आपण किती आहोत हे कळेल. आपण कसे आहोत हे त्यातून कळणार नाही. बार्टीसारखी संस्था राज्याकडे आहे. स्पर्धा परीक्षांच्या वर्गांबरोबर तिने वैद्यकीय महाविद्यालयांच्या मदतीने अनुसूचित जाती आणि बौद्ध वस्त्यांची अशी एक पाहणी हाती घ्यावी, ही मागणी विद्यार्थी संघटनांनी करायला काय हरकत आहे? फेलोशिपसाठी आपण पुण्यात उपोषणाला बसतो. त्या फेलोशिपमधून किती संशोधक आपल्या लोकांच्या रक्ताकडे वळले, हा प्रश्नही कधीतरी विचारू.

सरकारच्या योजना कागदावर आहेत. तीस वर्षांवरील प्रत्येकाची शुगर-बीपी तपासणी करण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे, आशाताईंकडे त्यासाठी फॉर्म आहे, त्यात कंबरेच्या मापाचा रकानाही आहे. पण खर्चाचा कल पाहा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना अँजिओप्लास्टी आणि डायलिसिसचा खर्च उचलते, आणि तो आधार मोठा आहे. ती वेळ येऊ नये म्हणून वीस-तीस वर्षे रोज घ्यायची जी गोळी असते, ती मात्र त्या योजनेत बसत नाही. ती सरकारी दवाखान्यातून मोफत मिळायची तरतूद आहे. अडचण अशी की ओपीडी सकाळची असते आणि कंत्राटी कामगाराची सकाळ म्हणजे हजेरी. एका महिन्याच्या गोळ्यांसाठी एका दिवसाची मजुरी बुडते. दोनदा जातो, तिसऱ्यांदा जात नाही. मुंबईतले ‘आपला दवाखाना’ संध्याकाळीही चालतात, ही सोय प्रत्येक शहरातल्या कामगार वस्तीत मागण्यासारखी आहे.

बाबासाहेबांना मधुमेह होता. रक्तदाब होता, पायांतल्या मज्जातंतूंच्या वेदना होत्या. माईसाहेब स्वतः डॉक्टर होत्या, त्या पथ्यपाणी पाहत होत्या, तरीही नागपूरच्या दीक्षेनंतर ५३ दिवसांत ते गेले. ‘आणखी दहा वर्षे मिळाली असती तर’ असे आपण दर ६ डिसेंबरला म्हणतो. त्या काळात औषधे थोडी होती. आज गोळी स्वस्तात मिळते, आणि आपल्या चळवळीची माणसे ती न घेता, किंवा आपल्याला आजार आहे हे न कळता जात आहेत.

संयुत्त निकायात कोसलच्या पसेनदी राजाची गोष्ट आहे. राजा द्रोणभर भात खाऊन धापा टाकत तथागतांकडे येतो. तथागत त्याला मात्रा ओळखून जेवण्याविषयी एक गाथा सांगतात. राजा सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावतो आणि रोज जेवताना म्हणायला सांगतो. हळूहळू तो नाळीभर भातावर येतो आणि अंगाने हलका होतो. उपदेश इतकाच नव्हता, रोज आठवण करून देणारा माणूस नेमला गेला, हे मला त्या गोष्टीत महत्त्वाचे वाटते. अर्थात पसेनदी राजा होता. त्याच्या ताटात जास्त होते, म्हणून कमी करायला सांगितले. वस्तीतल्या ताटात काय आहे आणि काय नाही, हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याला गाथेबरोबर डाळही लागते. बुद्ध पौर्णिमेच्या खिरीचेही तसेच. सुजाताने खीर दिली ती उपासाने हाडे निघालेल्या साधकाला. साठीतल्या मधुमेही उपासकाला वाडगाभर देताना हात आखडला तर श्रद्धा कमी होत नाही.

सुदस्सनचे काम विहार करू शकते. रविवारच्या वंदनेनंतर एक मोजपट्टी आणि एक बीपीचे यंत्र पुरते. कंबर मोजताना पट्टी शेवटची बरगडी आणि नितंबाचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर लावायची. पँटच्या पट्ट्याच्या जागी नव्हे. स्त्रियांची मोजणी स्त्रियांनीच करावी. आकडे वहीत लिहावेत, पण वही फळ्यावर लावण्यासाठी नाही; कोणाचा आजार गल्लीत चर्चेला येऊ नये. ज्यांची कंबर किंवा बीपी मर्यादेबाहेर आहे त्यांना उपाशीपोटी साखर आणि चरबीच्या तपासणीसाठी जवळच्या सरकारी दवाखान्यात गटाने न्यावे. एकटा माणूस रांगेतून परत येतो, दहा जणांना डॉक्टर सहसा परत पाठवत नाही. जयंतीच्या शिबिरात बोटाला सुई टोचून चिठ्ठी हातात देतात आणि पुढच्या जयंतीपर्यंत कोणी विचारत नाही. त्याऐवजी दर तीन महिन्यांनी त्याच लोकांची तीच मोजणी व्हावी. शंभर-दीडशे लोकांची वर्षभराची वही, नावे वगळून, तालुका आरोग्य अधिकाऱ्यापुढे ठेवली तर गोळ्यांचा साठा आणि संध्याकाळची ओपीडी मागताना हातात काहीतरी असेल. त्याच अधिकाऱ्याकडे माहितीच्या अधिकारात विचारता येईल की आपल्या वॉर्डातल्या तीस वर्षांवरील किती जणांची तपासणी झाली, किती जणांना औषध सुरू झाले आणि मागच्या सहा महिन्यांत कोणत्या महिन्यात गोळ्या नव्हत्या.